जुन्या घरांच्या जोत्याखालचा रेडॉन : भीती नको, मोजमाप हवे

अलिबाग, प्रतिनिधी

मुंबईच्या गोदीतून मांडव्याला जाणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले. या दोन घटनांनी अलिबाग तालुका मुंबईच्या अधिकच जवळ आला. त्याचा पहिला परिणाम जमिनीच्या भावांवर झाला. दुसरा परिणाम जुन्या घरांवर होत आहे. पिढ्यान् पिढ्या उभी असलेली कौलारू घरे दुरुस्त करून सुट्टीच्या वास्तव्यासाठी वापरण्याकडे शहरी कुटुंबांचा ओढा आहे. दुरुस्तीत कौलांच्या जागी सिमेंटचा स्लॅब येतो, लाकडी झडपांच्या जागी सरकत्या काचा येतात आणि प्रत्येक शयनगृहात वातानुकूलन यंत्र बसते. घराचे रूप पालटते. त्याबरोबरच घरातील हवेचे गणितही पालटते, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही.

या गणितातील एक घटक म्हणजे रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू. अमेरिका आणि युरोपातील अनेक भागांत घर घेताना त्याची चाचणी करून घेण्याची रीत पडली आहे. भारतात मात्र घराची खरेदी-विक्री करताना अशा चाचणीची सक्ती नाही आणि बहुसंख्य घरमालकांनी हे नावही ऐकलेले नसते. अलिबागच्या जुन्या घरांना या वायूचा धोका कितपत आहे, याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. येथील खडकाचा विचार केला तर तो कमी असण्याचीच शक्यता अधिक. मात्र घर जितके बंदिस्त होईल, तितका खडकाने दिलेला हा दिलासा कमी होत जातो. म्हणूनच दुरुस्तीच्या आधी आणि नंतर साधे मोजमाप करून घेणे शहाणपणाचे ठरते.

वायू येतो कोठून?

खडकात आणि मातीत युरेनियमचा अंश सर्वत्र असतो. प्रमाण कमी-अधिक एवढाच फरक. युरेनियमचा ऱ्हास होत होत रेडियम तयार होते आणि रेडियमपासून रेडॉन. रेडॉनला रंग नाही, वास नाही, चव नाही. इतर पदार्थांशी त्याचा सहसा संयोग होत नाही, त्यामुळे मातीच्या कणांमधील पोकळीतून तो वर सरकत राहतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३.८ दिवसांचे आहे. जमिनीच्या वरच्या थरातून निघून फरशीच्या भेगेपर्यंत पोहोचण्यास एवढा अवधी पुरेसा होतो. थोरियमपासून निघणारा त्याचा भाऊबंद थोरॉन मात्र मिनिटभराच्या आतच निम्मा होतो. म्हणून थोरॉन जेथे निर्माण होतो त्या भिंतीच्या वा जमिनीच्या जवळपासच आढळतो.

उघड्यावर आलेला रेडॉन वाऱ्याबरोबर विरून जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण घनमीटरला साधारण ५ ते १५ बेकरेल एवढे असते. (एका सेकंदाला एका अणूचा ऱ्हास म्हणजे एक बेकरेल.) घरात शिरलेल्या रेडॉनला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर तो साठतो. त्याच्या ऱ्हासातून पोलोनियमचे किरणोत्सर्गी अणू तयार होतात, ते धुळीच्या सूक्ष्म कणांना चिकटतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जातात. तेथे ते अल्फा कण सोडतात. हे कण कातडीच्या वरच्या थरातही अडतात. फुप्फुसाच्या नाजूक अस्तराला मात्र ते इजा करू शकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच रेडॉनला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. फुप्फुसाच्या कर्करोगांपैकी ३ ते १४ टक्के रेडॉनमुळे होतात, असा या संघटनेचा अंदाज आहे. देशातील रेडॉनच्या सरासरीनुसार आणि धूम्रपानाच्या प्रमाणानुसार हा आकडा बदलतो. युरोपातील १३ अभ्यासांची एकत्रित छाननी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. घरातील रेडॉन घनमीटरला १०० बेकरेलने वाढला की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा निष्कर्ष होता.

ही टक्केवारी वाचून घाबरून जाण्यापूर्वी तिचा पाया पाहिला पाहिजे. त्याच छाननीनुसार, कधीही धूम्रपान न केलेल्या व्यक्तीला पंचाहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका रेडॉन नसताना ०.४ टक्के, १०० बेकरेलला ०.५ टक्के आणि ४०० बेकरेलला ०.७ टक्के असतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत हेच आकडे अनुक्रमे १०, १२ आणि १६ टक्के होतात. ज्या घरात विडी-सिगारेट ओढली जाते, तेथे रेडॉन कमी करण्याआधी ती सोडणे हाच अधिक परिणामकारक उपाय आहे.

पेनसिल्व्हानियातील एक घर

घरातील रेडॉनकडे जगाचे लक्ष वेधले ते डिसेंबर १९८४ मध्ये. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात लिमरिक अणुवीज प्रकल्पाचे बांधकाम चालू होते. तेथील अभियंते स्टॅनली वॉट्रस यांच्यामुळे किरणोत्सर्ग शोधणाऱ्या यंत्राची घंटा वारंवार वाजू लागली. प्रकल्पात वीजनिर्मिती सुरूही झाली नव्हती. शोध घेता हा किरणोत्सर्ग ते प्रकल्पातून घरी नेत नव्हते, तर घरून प्रकल्पात आणत होते, हे उघड झाले. त्यांच्या घरातील रेडॉन घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल एवढा भरला. हे घर रीडिंग प्राँग नावाच्या, युरेनियमचा अंश अधिक असलेल्या खडकाच्या पट्ट्यावर उभे होते. दुरुस्तीनंतर हे कुटुंब त्याच घरात परतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. कारण एवढ्या टोकाच्या घरातही उपाय लागू पडला.

रीडिंग प्राँगचा पट्टा शेजारच्या न्यू जर्सीतूनही जातो. त्या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना घर घेताना रेडॉनच्या चाचणीचा अनुभव येतो. प्लंबिंग आणि वाळवीच्या तपासणीबरोबर रेडॉनचीही तपासणी होते. तिचा आकडा तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरविलेल्या पातळीपेक्षा, म्हणजे घनमीटरला १४८ बेकरेलपेक्षा अधिक आला तर दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर सौदा अडतो. कोकणातील आपले वडिलोपार्जित घर दुरुस्त करताना हाच प्रश्न येथे का विचारला जात नाही, अशी शंका त्यांच्यापैकी कोणाच्या मनात आली तर ती रास्तच म्हणावी लागेल.

या प्रश्नाचे उत्तर देताना दोन्हीकडच्या घरांतील फरक समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत अनेक जुनी घरे जमिनीपासून दीड-दोन हात उंच उचललेली असतात आणि खाली उघड्या मातीची पोकळी राहते. तीत माणसाला रांगतच शिरावे लागते. थंडीत घर तापवले की गरम हवा वर जाते, खालच्या मजल्यावरील दाब किंचित कमी होतो आणि त्या पोकळीतील हवा रेडॉनसह वर ओढली जाते. अलिबागला घरे तापवावी लागत नाहीत. त्यामुळे या ओढीचे मुख्य कारणच येथे नाही.

अलिबागच्या पायाखाली काय आहे?

रेडॉनचा अंदाज बांधताना पहिला प्रश्न खडकाचा असतो. रायगड जिल्ह्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या काळात बांधलेल्या हिराकोटाचे प्रचंड चिरे याच दगडाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तयार झालेल्या या खडकात लोह भरपूर आणि युरेनियम अल्प. ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण तीन ते पाच भाग असते, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते सामान्यतः एका भागाहूनही कमी असते.

या दगडातील लोहाची साक्ष अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेतही मिळते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलविण्याचे ठरले आणि १९०४ मध्ये येथे नोंदी सुरू झाल्या. काळा दगड स्वतःच चुंबकीय असल्याने वेधशाळेच्या इमारतीसाठी पोरबंदरचा दगड आणावा लागला. ज्या दगडाने शास्त्रज्ञांची अडचण केली, तोच दगड रेडॉनच्या बाबतीत मात्र अलिबागकरांच्या बाजूने आहे.

किनाऱ्यावरील वाळूबद्दलही गैरसमज होण्याचा संभव आहे. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील चवरा-करुनागप्पळ्ळी किनाऱ्यावर थोरियमयुक्त मोनाझाइटची वाळू आहे आणि तेथील नैसर्गिक किरणोत्सर्ग जगातील सर्वाधिक असलेल्या वस्त्यांमध्ये गणला जातो. अलिबाग परिसरातील काळसर वाळू ही मुख्यतः बेसाल्टच्या झिजेतून आलेली, लोहयुक्त खनिजांची आहे. तिचा रंग पाहून केरळशी तुलना करणे चुकीचे ठरेल.

खाडीपलीकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि थळला खताचा मोठा कारखाना आहे, म्हणून रेडॉनचा संबंध त्यांच्याशी जोडण्याचा मोह होऊ शकतो. घरातील रेडॉन अणुभट्टीतून येत नाही. तो पायाखालच्या मातीतून आणि काही अंशी बांधकामाच्या साहित्यातून येतो. खत कारखान्यांपैकी फॉस्फेटयुक्त खतांसाठी फॉस्फरिक आम्ल बनविणाऱ्या कारखान्यांतून रेडियमचा अंश असलेले फॉस्फोजिप्सम निघते. बांधकामातील त्याच्या वापरावर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण आहे. थळचा प्रकल्प अमोनिया आणि युरियाचा आहे. ही खते नैसर्गिक वायूपासून बनतात आणि त्यातून फॉस्फोजिप्सम निघत नाही.

देशाचे एकूण चित्रही फार चिंताजनक नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी देशाच्या विविध भागांतील घरांत केलेल्या पाहणीचा अहवाल २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरातील रेडॉन घनमीटरला साधारण ५ ते १४७ बेकरेल या मर्यादेत आढळला आणि मध्यवर्ती मूल्य सुमारे २३ बेकरेल निघाले. जगाची सरासरी ४० बेकरेलच्या आसपास धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये १०० बेकरेलची पातळी सुचविली. ती शक्य नसेल तेथे ३०० च्या वर जाऊ नये, असेही तिने म्हटले. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशातही ३०० ही कमाल पातळी आहे.

जुन्या घराची रचना

खडक अनुकूल असला तरी सरासरीच्या आकड्यावरून एखाद्या विशिष्ट घराबद्दल काहीच सांगता येत नाही. शेजारशेजारच्या दोन घरांत रेडॉनचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असल्याची उदाहरणे जगभर आढळली आहेत. हा फरक मुख्यतः घराच्या बांधणीमुळे पडतो.

कोकणातील जुन्या घराची बांधणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उंच जोते, पुढे ओटी आणि पडवी, मध्ये काळोखे माजघर, मागे स्वयंपाकघर, वर माळा आणि त्यावर मंगलोरी कौले. यातील जमीन हा रेडॉनच्या दृष्टीने कच्चा दुवा. शेणाने सारवलेली मातीची जमीन वायूला अडवू शकत नाही. उलट देशातील काही पाहण्यांत मातीच्या घरांत सिमेंटच्या घरांपेक्षा अधिक रेडॉन आढळला आहे. परंतु या घराचे छप्पर ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. कौलांच्या फटींतून, भिंतीच्या माथ्यावरील मोकळ्या जागेतून आणि गवाक्षांतून दिवसरात्र हवा खेळत असते. आत आलेला वायू साठून राहत नाही.

बहुतेक घरांचे जोते दगड-माती भरून केलेले, म्हणजे भरीव असते. परंतु जेथे तळघर किंवा बळद आहे, जेथे लाकडी फळ्यांच्या जमिनीखाली पोकळी ठेवलेली आहे किंवा उतारावरील घराच्या एका अंगाला जोत्याखाली रिकामी जागा राहिली आहे, तेथे परिस्थिती अमेरिकेतील रांगत्या पोकळीसारखीच असते. तेथे उघड्या मातीचा मोठा पृष्ठभाग, कोंडलेली हवा आणि वर माणसांचे वास्तव्य हे तिन्ही घटक एकत्र येतात. अशा ठिकाणी जुन्या गवंड्यांनी जोत्याच्या भिंतीत हवेसाठी झरोके ठेवलेले असले, तर ते ओल आणि वाळवी यांच्याबरोबर रेडॉनपासूनही घराचे रक्षण करतात.

दुरुस्तीत काय बदलते?

नेमके हेच झरोके दुरुस्तीत बुजविले जातात. साप, उंदीर येतात ही त्यामागची तक्रार खोटी नसते. जोत्याच्या भोवती फरसबंदी होते आणि दर्शनी भिंतीला दगडी आच्छादन चढते. आत जुन्या जमिनीवर चकचकीत फरशी येते, पण नळ, सांडपाणी आणि विजेच्या नळ्यांसाठी ती जागोजागी फोडली जाते. वर स्लॅब आणि खाली बंद जोते अशा या घराच्या खिडक्या वातानुकूलनासाठी लावून घेतल्या जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिंतीवर बसविले जाणारे स्प्लिट वातानुकूलन यंत्र बाहेरची हवा आत आणत नाही. ते खोलीतील तीच हवा पुन्हापुन्हा थंड करते. हवेची देवाणघेवाण निम्म्यावर आली की घरात साठणारा रेडॉन ढोबळमानाने दुप्पट होतो. एक चतुर्थांशावर आली तर चौपट. समजा, हवेशीर असताना एखाद्या घरात ३० बेकरेल भरत असतील, तर तेच घर चौपट बंदिस्त झाल्यावर १०० ची पातळी सहज ओलांडील. जमिनीत काहीही बदल झालेला नसताना हे घडते. त्यातच स्नानगृहातील आणि स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारे पंखे चालू असतील आणि खिडक्या बंद असतील, तर घरातील दाब उतरतो आणि ती तूट भरून काढण्यासाठी फरशीच्या भेगांतून जमिनीतील हवा वर येऊ लागते.

पावसाळ्याचाही विचार हवा. अलिबागला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अंगणातील माती पाण्याने भरली की तिच्यातून वायू वर येणे कठीण होते. घराखालची माती मात्र तुलनेने कोरडी राहते. त्यामुळे वायूला घराखालची वाट सोयीची होते. त्याच दिवसांत खिडक्या-दारेही बंद असतात. तेव्हा केवळ उन्हाळ्यात, सगळी दारे उघडी टाकून केलेल्या मोजणीवरून निष्कर्ष काढणे योग्य नाही.

या चर्चेत सुट्टीच्या घरांचे एक वैशिष्ट्य विसरता येणार नाही. जो मालक महिन्यातून दोन दिवस येथे राहतो, त्याचा एकूण संपर्क अल्पच राहतो. धोका वर्षानुवर्षांच्या श्वासाचा असतो. त्या घराची देखभाल करणारे आणि जोत्याला लागून असलेल्या खालच्या खोलीत बारमाही राहणारे कुटुंब, निवृत्तीनंतर गावी स्थायिक झालेले आईवडील, घरातच दिवस काढणाऱ्या वृद्धा यांचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोजणीचे उपकरण दिवाणखान्यात न ठेवता या खोल्यांत ठेवले पाहिजे.

मोजायचे कसे?

रेडॉन मोजण्यासाठी वीज लागतेच असे नाही. सर्वांत विश्वासार्ह आणि स्वस्त पद्धत प्लास्टिकच्या एका फिल्मवर आधारलेली आहे. अल्फा कण आदळले की या फिल्मवर सूक्ष्म खुणा उमटतात. नंतर प्रयोगशाळेत फिल्म रासायनिक द्रावणात धुऊन त्या मोजल्या जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी दोन कप्प्यांचे लहानसे उपकरण विकसित केले आहे. त्यात हवा एकाच तोंडाने शिरते आणि दोन कप्प्यांच्या मध्ये सुईच्या अग्राएवढी छिद्रे असलेली चकती असते. अल्पायुषी थोरॉन पहिल्याच कप्प्यात संपतो, रेडॉन दुसऱ्यापर्यंत पोहोचतो. त्यामुळे दोघांचे प्रमाण वेगवेगळे कळते. अमृतसर, गढवाल, म्हैसूर, मंगळूर येथील विद्यापीठांतून या विषयावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे.

हे उपकरण वापरातील सर्वांत खालच्या मजल्यावर, भिंतीपासून आणि जमिनीपासून काही अंतर राखून, किमान तीन महिने टांगलेले असावे. शक्य झाल्यास एक मोजणी पावसाळ्यात आणि एक हिवाळ्यात करावी. कोळशाच्या डबीवर आधारलेल्या दोन-चार दिवसांच्या चाचण्या परदेशात प्रचलित आहेत. पण दमट हवेत कोळसा पाणीही शोषतो, त्यामुळे कोकणात त्या आकड्यांवर फार विसंबू नये. बाजारात मिळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सोयीची असली, तरी त्यांचा एका दिवसाचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये. रेडॉन दिवसातही वरखाली होतो. पहाटे अधिक आणि दुपारी कमी असतो.

जोत्याखालचा उपाय

मोजणीत आकडा १०० बेकरेलच्या आत असेल, तर काहीही करण्याची गरज नाही. झरोके मोकळे ठेवणे आणि रोज काही काळ खिडक्या उघडणे पुरेसे आहे. तो १०० ते ३०० च्या दरम्यान असेल तर साधे उपाय करून पुन्हा मोजावे. त्याहून अधिक असेल तर पुढील टप्प्यावर जावे.

पहिला उपाय झरोक्यांचा. ब्रिटनच्या डेव्हन आणि कॉर्नवॉल या ग्रॅनाइटच्या भागांत लाकडी जमिनीच्या जुन्या घरांना घरमालकांना प्रथम हाच सल्ला दिला जातो : जोत्याच्या भिंतीतील हवेच्या विटा बुजल्या असतील तर मोकळ्या करा, कमी असतील तर वाढवा. कोकणातही समोरासमोरच्या भिंतींत झरोके असावेत, म्हणजे समुद्राकडील वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो. साप आणि उंदरांसाठी झरोका बुजविण्याऐवजी त्याला न गंजणारी बारीक जाळी बसवावी.

दुसरा उपाय भेगांचा. नळ जमिनीतून वर येतो ती जागा, फरशी आणि भिंत यांचा सांधा, तळघराच्या पायऱ्यांची फट, न्हाणीच्या मोरीचे तोंड या ठिकाणांहून वायू शिरतो. त्या लवचिक भरावाने बंद कराव्यात. केवळ भेगा भरून रेडॉन फारसा उतरत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे; पुढच्या उपायाची ती पूर्वतयारी असते.

तिसरा आणि सर्वांत परिणामकारक उपाय पोकळीतील उघडी माती झाकण्याचा. मातीवर छिद्रांची नळी आडवी टाकतात आणि तिच्यावर जाड पॉलिथिनचा कागद अंथरतात. कागदाचे पट्टे एकमेकांवर हातभर चढवून चिकटवितात, कडा भिंतीला पक्क्या बसवितात. त्या नळीला उभा पाइप जोडून तो छपराच्या वर नेतात आणि वाटेत एक लहान पंखा बसवितात. पंखा चोवीस तास चालतो आणि त्याला साध्या दिव्याएवढीच वीज लागते. कागदाखालची हवा घरात शिरण्याआधीच बाहेर फेकली जाते. पंखा राहत्या खोलीत बसवू नये आणि पाइपाचे तोंड खिडकीपासून दूर असावे. भरीव जोते असेल तर फरशीला एका ठिकाणी भोक पाडून खालच्या भरावातून अशीच हवा ओढता येते. अमेरिकेतील अनुभव असा, की या पद्धतीने रेडॉन निम्म्याने तरी घटतो आणि काम चोख झाले तर ९० टक्क्यांहूनही अधिक उतरतो.

कोकणात या कागदाचा आणखी एक लाभ आहे. जमिनीतून वर चढणारी ओल तो अडवितो, त्यामुळे लाकडी तुळया आणि फळ्या अधिक टिकतात. मात्र कागदाच्या कडेने वाळवीला लपून वर चढण्याची वाट मिळू नये म्हणून तो अंथरण्यापूर्वी वाळवीची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. सगळे काम झाल्यावर पुन्हा मोजणी केली नाही, तर पंखा काम करतो की केवळ आवाज करतो हे कळणार नाही.

नव्याने बांधकाम करणाऱ्यांना हे सर्व तुलनेने सोपे आहे. जोत्याच्या भरावात खडीचा थर, त्यावर पॉलिथिन आणि छपरापर्यंत गेलेला एक रिकामा पाइप एवढी तरतूद आधीच केली, तर पुढे गरज पडल्यास फक्त पंखा बसवावा लागतो. न्यू जर्सीच्या अधिक रेडॉनच्या भागांत नवी घरे बांधताना अशी तरतूद करणे बंधनकारक आहे.

सरकारी पातळीवर काय व्हावे?

महाराष्ट्रात या विषयाची प्राथमिकता ठरविताना अलिबाग पहिल्या क्रमांकावर येणार नाही आणि येऊही नये. ग्रॅनाइट आणि नाइस खडक असलेले पूर्व विदर्भातील जिल्हे, तसेच बेसाल्टचे आवरण संपून प्राचीन खडक उघडे पडतात तो सिंधुदुर्गचा भाग यांचा क्रम आधी लागतो. परंतु दख्खनच्या पठारावर आणि उत्तर कोकणात रेडॉन कमीच असणार, हे खडकावरून काढलेले अनुमान आहे. घराघरांत मोजून त्याची खात्री करून घेणे फार खर्चाचे नाही. तुर्भ्याला देशातील या विषयाचे सर्वांत मोठे ज्ञानकेंद्र असताना राज्यातील घरमालकाला आपल्या तालुक्याचा आकडा सहज पाहता येऊ नये, ही विसंगती दूर व्हायला हवी.

प्रत्येक तालुक्यातील काही शाळा, अंगणवाड्या, जुनी घरे आणि नव्याने दुरुस्त केलेली बंदिस्त घरे निवडून वर्षभराची मोजणी झाली, तर राज्याचा नकाशा तयार होऊ शकेल. तो सर्वांसाठी खुला असावा. महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांना या कामात सहभागी करून घेता येईल. फिल्म धुणे आणि खुणा मोजणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत असे नकाशे उपलब्ध असल्यामुळेच तेथे कोणाला चाचणी करायची आणि कोणाला निर्धास्त राहायचे हे ठरविता येते. नकाशा नसेल तर एकीकडे निष्काळजीपणा आणि दुसरीकडे अकारण भीती दोन्ही वाढतात, आणि या भीतीचा फायदा घेऊन महागडी यंत्रे विकणाऱ्यांचे फावते.

तोवर निर्णय घरमालकाच्याच हाती आहे. जुन्या घराच्या दुरुस्तीचा आराखडा करताना वास्तुरचनाकाराला दोन प्रश्न विचारावेत : जोत्याचे झरोके राहणार की जाणार, आणि वातानुकूलन चालू असताना बाहेरची ताजी हवा कोठून येणार? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली आणि तीन महिन्यांची एक मोजणी अनुकूल आली, तर अलिबागच्या काळ्या दगडावर उभ्या असलेल्या घरात रेडॉनची चिंता करण्याचे कारण उरणार नाही. आकडा प्रतिकूल आलाच, तर त्यासाठी घर सोडावे लागत नाही. मातीवर अंथरलेला कागद, एक पाइप आणि एक पंखा एवढ्यावर बहुतेक घरांचे काम भागते.